सुट्या भागांच्या क्रेटचे अर्गोनॉमिक मूल्यमापन

सुट्या भागांच्या क्रेटचे अर्गोनॉमिक मूल्यमापन : नट-बोल्टपासून गिअरपर्यंतचे सुटे भाग ज्या क्रेटमधून, बिनमधून किंवा जाळीच्या पेटीतून जोडणीच्या लाइनवर येतात, ती पेटी उचलणाऱ्या, ढकलणाऱ्या आणि तिच्यात हात घालून भाग काढणाऱ्या माणसाच्या शरीरावर किती ताण पडेल, हे आराखडा करतानाच तपासण्याची पद्धत. क्रेटची मापे बहुधा तीन गोष्टींवरून ठरतात : भाग केवढा आहे, पॅलेटवर (क्रेट रचायच्या सपाट तळफळीवर) किती क्रेट बसतात आणि ट्रकमध्ये किती पॅलेट मावतात. माणसाचा हात या हिशेबात येतच नाही. तो यायला हवा, आणि साचा तयार होण्याआधी यायला हवा. हजारो क्रेट फिरू लागल्यावर मूठ दोन सेंटिमीटर वर घेता येत नाही.

वजनाचा अंदाज पहिल्यांदा चुकतो. आत १० लिटर जागा असलेला क्रेट दिसायला लहानसा असतो. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम आहे. बोल्ट ओतून भरले आणि निम्मी जागा पोकळ राहिली असे धरले, तरी त्यात ३९ किलो पोलाद बसते. म्हणून जड भागांचा क्रेट मुळातच उथळ असावा. आत भरण्याची रेषा आखणे हा दुय्यम उपाय आहे, कारण घाईच्या दिवशी रेषेच्या वर भरले जाते.

किती वजन चालेल, याची उत्तरे काळानुसार बदलत आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या भाराची कमाल मर्यादा ५५ किलो होती. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने उचलण्याचे समीकरण १९८१ मध्ये मांडले आणि १९९१ मध्ये ते सुधारले. त्याची सुरुवात २३ किलोपासून होते, आणि तेही सगळे मनासारखे असेल तर : भार शरीरालगत, हात जमिनीपासून ७५ सेंमीवर, पीळ नाही, पकड चांगली. यातले जे जे बिघडेल त्याचा गुणक १ पेक्षा कमी होतो आणि २३ किलो घटत जातात. उरते ती शिफारस केलेली मर्यादा. प्रत्यक्ष वजनाला या मर्यादेने भागले की ‘उचल निर्देशांक’ मिळतो. तो १ च्या वर गेला की कंबरदुखीचा धोका वाढू लागतो.

एक उदाहरण करून पाहू. ६०० × ४०० मिमी मापाचा, भरून १५ किलोचा क्रेट. आठ तासांच्या शिफ्टमध्ये दर पाच मिनिटांनी एक क्रेट पॅलेटवरून उचलायचा आणि हात ७५ सेंमीवर राहतील अशा जागी ठेवायचा. पकड मध्यम, अंग वळवायचे नाही. सर्वांत खालच्या थरातल्या क्रेटची मूठ जमिनीपासून ३५ सेंमीवर येते. क्रेटची लांब बाजू माणसासमोर आडवी असेल, तर हात घोट्यांपासून साधारण ४० सेंमी पुढे जातात. मर्यादा साडेनऊ किलो आणि निर्देशांक १.६ निघतो. तोच क्रेट लांबी आत जाईल असा लावला, तर हात ५० सेंमी पुढे जातात, मर्यादा ७.६ किलोवर उतरते आणि निर्देशांक २ होतो. आता पॅलेटखाली उचल-टेबल देऊन मूठ ७५ सेंमीवर आणली आणि लांब बाजू समोर ठेवली, तर मर्यादा १२.२ किलोपर्यंत चढते. भरण १२ किलोवर आणले की निर्देशांक १ च्या आत येतो. प्लास्टिकचा क्रेट शेवटपर्यंत तोच आहे; बदलली ती त्याची जागा, दिशा आणि भरण. त्यामुळे नुसते क्रेटचे ड्रॉइंग पाहून ‘हा अर्गोनॉमिक आहे’ असा शिक्का मारणे चूक ठरते.

क्रेट लहान केला की फेऱ्या वाढतात, हा आक्षेप खरा आहे. समीकरणात वारंवारतेचाही गुणक आहे. दिवसभराच्या कामात दर पाच मिनिटांनी एक उचल असेल तर तो ०.८५, दर दोन मिनिटांनी ०.८१, दर मिनिटाला ०.७५ आणि मिनिटाला चार वेळा उचलावे लागले तर ०.४५. म्हणजे सुरुवातीला वजन निम्मे करण्यात चांगलाच फायदा होतो. मिनिटाला अनेक उचली होऊ लागल्या की तो फायदा झपाट्याने आटतो. तिथे हलका क्रेट शोधण्यापेक्षा उचलणेच टाळणारा रोलरचा उतरता रॅक बरा.

मात्र या समीकरणाच्या मर्यादेबाहेर एक मोठे काम राहून जाते. हे समीकरण दोन्ही हातांनी भार उचलण्यासाठी आहे. एका हाताने उचलणे, बसून किंवा गुडघ्यावर टेकून उचलणे, भार घेऊन चालणे त्यात धरलेले नाही. आणि लाइनवर क्रेटशी सर्वांत जास्त वेळा होणारा व्यवहार एका हाताचाच असतो : आत हात घालायचा, भाग काढायचा. मिनिटाला एक जोडणी होत असेल तर आठ तासांत ४८० वेळा. उचलण्याचा निर्देशांक १ च्या आत आला म्हणून फाइल बंद होते आणि या ४८० हालचालींकडे कोणी पाहत नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

खोल बिनमधला शेवटचा भाग काढताना ऑपरेटरकडे नीट पाहावे. समोरची कड बरगड्यांत किंवा काखेत रुतते. पाय टाचेवरून उठतो, दुसरा हात कडेवर टेकतो, मान वळते आणि बोटे न बघता तळ चाचपतात. अशा वेळी शरीराची ठेवण तपासणाऱ्या पद्धती उपयोगी पडतात. १९९३ ची ‘रुला’ आणि २००० ची ‘रेबा’ या त्यांतल्या जास्त वापरातल्या. दोन्हींत कमरेचा वाक २० अंशांच्या पुढे गेला की धोक्याचे गुण वाढतात, ६० च्या पुढे आणखी वाढतात. एकच बिन भरलेला असताना तपासला तर उत्तम ठरतो आणि तळाशी आल्यावर नापास होतो. म्हणून गुण दोनदा घ्यावेत, पहिल्या भागाला आणि शेवटच्या भागाला. समोरची भिंत अर्धी खाली पडणारी करणे, बिन ऑपरेटरकडे कलता ठेवणे किंवा मुळात उथळ बिन घेणे, हे त्यावरचे उपाय. मोठ्या पेट्यांना टिल्टर, म्हणजे पेटी कलती करणारे यंत्र, लावतात. पण ते चालवायला वेळ लागत असेल तर माणसे ते न वापरता वाकूनच काम उरकतात.

कप्प्यांकडेही दुर्लक्ष होते. भाग हलू नये म्हणून कप्पा अगदी बेताचा कापतात. मग बोटे बाजूने आत जात नाहीत आणि भाग चिमटीने ओढून काढावा लागतो. चिमटीत मुठीच्या साधारण पाव ताकद असते. दोन्ही बाजूंना बोटापुरती खाच ठेवली की हा ताण जातो आणि भागाला ओरखडाही पडत नाही.

मुठीसाठी ‘नायॉश’ने मापे दिली आहेत : क्रेटला कापलेली खाच किमान ११.५ सेंमी लांब आणि ३.८ सेंमी उंच असावी, हाताला आत ५ सेंमी मोकळी जागा मिळावी, कड ६ मिमीपेक्षा पातळ नसावी. कड पातळ असली की सारे वजन बोटांच्या एका रेषेवर येते. जाड हातमोजे वापरणाऱ्या विभागात ही मापे आणखी सैल धरावी लागतात. क्रेटवर क्रेट रचल्यावर खाच झाकली जात नाही ना, हेही पाहावे.

क्रेटची ट्रॉली असेल तर ढकलण्याचा जोर बलमापकाने मोजतात. ट्रॉली हलवताना लागणारा पहिला जोर ती चालू ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो, म्हणून दोन्ही वेगळे नोंदवतात. आयएसओ ११२२८ या मानकाचा दुसरा भाग याच कामासाठी आहे.

कागदावरचा हिशेब झाला की पुठ्ठ्याचा नमुना करून त्यात खरे वजन भरावे आणि लाइनवरच्या माणसांना वापरायला द्यावा. हात पोहोचतो का हे बुटक्या ऑपरेटरवरून ठरवतात, गुडघ्याला व हाताला जागा पुरते का हे धिप्पाडावरून. क्रेट अनेक वर्षे टिकतो आणि आतला भाग मध्येच बदलतो. ॲल्युमिनियमच्या जागी त्याच आकाराचा पोलादी भाग आला की वजन जवळजवळ तिप्पट होते. म्हणून तपासणीची नोंद क्रेटच्या नंबरावर न ठेवता भाग आणि लाइन यांच्या जोडीवर ठेवावी, आणि दोहोंतले काहीही बदलले की ती नव्याने करावी.