तेलबियांचा आहारातील वापर : महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या आहारात तेलबिया दोन वाटांनी येतात. एक घाण्यातून निघालेल्या तेलाची, दुसरी भाजून, कुटून वा वाटून खाल्ल्या जाणाऱ्या बियांची. गेल्या काही दशकांत पहिली वाट जवळजवळ सर्व राज्यात सारखी झाली. दुसरी अजून जिल्ह्यागणिक बदलते. तेलाच्या खपाचे आकडे सहज हाती येतात म्हणून अभ्यासकांचा भर त्यांच्यावर राहिला आहे. प्रदेशाचे वेगळेपण मात्र चटणी, कूट आणि मसाला यांत पाहणे अधिक योग्य ठरते.

शासकीय वर्गवारीत भारतातील प्रमुख तेलबिया नऊ आहेत. भुईमूग, सोयाबीन, मोहरी व तिच्या वर्गातील पिके, तीळ, सूर्यफूल, करडई आणि कारळे ही सात खाद्य, तर एरंडी व जवस ही दोन अखाद्य मानतात. ही विभागणी विदर्भाला लागू पडत नाही. पूर्व विदर्भात जवसाचे तेल स्वयंपाकात वापरण्याची जुनी रीत आहे, आणि जवसाची चटणी तर विदर्भ-मराठवाड्यात रोजच्या भाकरीसोबतची. जवसाला अखाद्य ठरवण्यामागे त्याच्या तेलाचे रसायन आहे. त्यातील सुमारे निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ आम्लाचा असतो. या आम्लातील तीन दुहेरी बंधांमुळे तेल हवेतील ऑक्सिजन झपाट्याने घेते, पातळ थरात वाळून घट्ट पापुद्रा धरते आणि म्हणून रंग व व्हार्निशच्या धंद्यात मोलाचे ठरते. हाच गुण स्वयंपाकघरात दोष होतो : तेल लवकर खवट होते. त्यामुळे ते ताजे, थोडे थोडे काढून संपवावे लागे. अखंड बी टरफलाच्या आत सुरक्षित राहते आणि भाजल्याने त्यातील सायनाइडजनक द्रव्यांचे प्रमाणही कमी होते. चटणी टिकून राहण्यामागे ही सोय असावी. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने कमी लिनोलेनिक आम्लाचा ‘टीएल-९९’ हा खाद्यतेलासाठीचा वाण विकसित केला आहे. त्याचे तेल अधिक टिकते, परंतु ज्या ओमेगा-३ साठी शहरी ग्राहक आज जवस मागतो तेच त्यात कमी आहे. चटणीसाठी जुनेच वाण बरे.

करडईच्या मूलस्थानाबद्दल मतभेद आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाव्हिलॉव्ह यांनी भारत, अफगाणिस्तान व इथिओपिया अशी तीन केंद्रे सुचवली. करडईचे अमेरिकी अभ्यासक नॉल्स यांनी १९६९ मध्ये जगभरच्या वाणांची उंची, फांद्यांची ठेवण, काटे व फुलांचा रंग तपासून अतिपूर्व, भारत-पाकिस्तान, मध्यपूर्व, ईजिप्त, सुदान, इथिओपिया आणि यूरोप अशी सात ‘साम्यकेंद्रे’, म्हणजे जेथील वाण एकमेकांसारखे आहेत असे प्रदेश, मांडली. ही केंद्रे वाणांच्या विविधतेचे गट दाखवतात, उगमाची जागा नव्हे. नंतरच्या लेखनात हा फरक अनेकदा पुसट झाला आणि ‘करडई मूळची भारतीय’ असे विधान रूढ झाले. चॅपमन व बर्क यांच्या २००७ मधील जनुकीय अभ्यासाने कार्थॅमस पॅलेस्टिनस ही पश्चिम आशियातील रानटी जाती लागवडीखालील करडईची पूर्वज असल्याचे दाखवले. सीरियातील कांस्ययुगीन स्थळांतून, साधारण इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून मिळालेले दाणेही याच दिशेने बोट दाखवतात, म्हणून पश्चिम आशियाई उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. पीक प्रथम कशासाठी लावले गेले, रंगासाठी की तेलासाठी, हा वाद वेगळा. ईजिप्तमधील थडग्यांत करडईच्या फुलांच्या माळा आढळल्या आहेत. संस्कृत काव्यात कुसुंभरंगी (कुसुंभ म्हणजे करडई) वस्त्रांची वर्णने वारंवार येतात. तेलाचा उल्लेख प्रामुख्याने वैद्यकात आहे आणि तोही फारसा अनुकूल नाही. चरकसंहितेत कुसुंभतैल उष्ण, गुरू (पचायला जड) व विदाही (जळजळ करणारे) म्हटले असून तेलांत श्रेष्ठत्व तिळाला दिले आहे. रंगाचा उपयोग आधीचा असण्याची शक्यता जास्त, पण भारतापुरते हे केवळ साहित्यावरून सिद्ध होत नाही.

दख्खनच्या पठारावर मात्र करडई तेलाचेच पीक राहिली. खोल जाणाऱ्या सोटमुळामुळे ती काळ्या जमिनीतील ओलीवर रब्बीत निभावते. मराठवाडा, सोलापूर व नगर भागांत रब्बी ज्वारीत तिच्या ओळी टाकत. बांधाकडच्या काटेरी ओळींनी जनावरेही अडत. विरळणीत उपटलेली कोवळी रोपे लसूण घालून भाजीला जात. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात दाणे वाटून काढलेले दूध खिरीत घालतात. काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना करावी लागे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण दिले, परभणी, सोलापूर व अकोला येथेही सुधारित वाण निघाले, तरी देशातील क्षेत्र १९८० च्या दशकातील सात-आठ लाख हेक्टरांवरून अलीकडे एक लाखाच्याही खाली आले. मजुरी, मावा ही कीड, हरभऱ्याची स्पर्धा आणि स्वस्त आयात तेल ही नेहमी सांगितली जाणारी कारणे खरीच आहेत. त्यांत एक भर घालायला हवी. करडईच्या बीचे टरफल जाड व चिवट, वजनाचा मोठा हिस्सा त्याचाच, त्यामुळे तिळाजवसासारखी ती कुटून ताटात वाढता येत नाही. क्षेत्र जवस-कारळ्याचेही घटले, परंतु त्यांच्यामागे चटणी उभी राहिली. करडईचे तेल गेले तसे तिच्यामागे काहीच उरले नाही; भाजीही बाजारातून दुर्मीळ झाली. पठाराच्या आहाराची ही मोठी हानी आहे.

भुईमूग दक्षिण अमेरिकेतील. भारतात तो पोर्तुगिजांकडून, आफ्रिकेतून की फिलिपीन्स-चीनमार्गे आला याविषयी एकमत नाही. एकाहून अधिक वाटांनी आला असावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्यातीमुळे त्याची लागवड वाढली. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा ‘जेएल-२४’ (फुले प्रगती) हा वाण राज्याबाहेरही पसरला. देशावर दाण्याचे कूट हा भाज्यांचा पायाच झाला आणि उपवासाच्या पदार्थांतही या परदेशी दाण्याने निर्वेध प्रवेश मिळवला. सोलापूरची शेंगाचटणी सर्वपरिचित आहे.

तिळाचे जळके दाणे हडप्पा येथे मिळाले आहेत आणि त्याचा रानटी पूर्वज भारतीय उपखंडातील मानला जातो. रानटी जाती आफ्रिकेत अधिक असल्याने तो तिकडचा असावा, हे जुने मत आता मागे पडले आहे. संक्रांत व भोगीचा तीळ सांगायला नकोच. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे एकत्र येतात. कोकण व गोव्यात नारळ ओला, रसाच्या रूपात लागतो. घाटावर तो सुका चढतो. खाण्याच्या गोटा खोबऱ्याची मोठी पेठ कर्नाटकातील तिपटूर.

सूर्यफूल १९६९ च्या सुमारास तेव्हाच्या सोव्हिएत संघातून व्यापारी लागवडीसाठी आले, तर सोयाबीनने राज्यात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापले आहे. लातूर ही त्याची प्रमुख बाजारपेठ. दोन्ही पिकांना मराठी स्वयंपाकात बी म्हणून स्थान मिळाले नाही. सोयाबीनमध्ये तेल अवघे १८ ते २० टक्के. उरलेली प्रथिनयुक्त पेंड मुख्यतः पशुखाद्यात व निर्यातीत जाते. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने काही वर्षे स्वयंपूर्णता जवळ आणली. १९९४ पासून पामोलिनची (पाम तेलाची) आयात खुली होत गेली आणि आज देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते.

कारळे वा खुरासणी मूळची इथिओपियाच्या पठारावरील. तेथे तिला ‘नूग’ म्हणतात. भारतात ती केव्हा आली ते निश्चित नाही, पण आगमन पुरेसे प्राचीन असावे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अकोले या डोंगरी तालुक्यांत नाचणी-वरईच्या जोडीने वरकस जमिनीत ती घेतात. इगतपुरीच्या केंद्राने ‘फुले कारळा’ हा वाण दिला. काळी चटणी नाचणीच्या भाकरीबरोबर खातात, तेलही घरात वापरतात. देशातून निर्यात होणारे कारळे अमेरिकेत पक्ष्यांना घालतात. अमरवेलीचे बी सोबत जाऊ नये म्हणून तेथे त्यावर उष्णतेची प्रक्रिया सक्तीची आहे. कारळ्याच्या याच डोंगरी पट्ट्यात व गडचिरोलीकडे आदिवासी कुटुंबे मोहाच्या बियांचे तेल काढून खातात.