धूमकेतू आणि सौरवारा : अवकाशयानांची निरीक्षणे

धूमकेतूतून निघणारा वायू आणि सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगाने येणारे विद्युतभारित कण (सौरवारा) यांच्यातील आंतरक्रियेचा अभ्यास. सूर्यापासून असा प्रवाह अखंड वाहतो, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बीरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या शेपट्या पाहूनच ताडले होते. म्हणजे सौरवाऱ्याचा पहिला ठोस सुगावा धूमकेतूंनी दिला.

उन्हाने केंद्रकातील, म्हणजे धूमकेतूच्या घन गाभ्यातील, बर्फाची थेट वाफ होते आणि अतिनील किरणांमुळे तिचे आयन (विद्युतभारित अणू-रेणू) बनतात. सौरवारा हे जड आयन आपल्याबरोबर ओढतो आणि त्या ओझ्याने मंदावतो. त्याच्यासोबतच्या चुंबकीय बलरेषा धूमकेतूभोवती अडून मागे वळतात. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हान्स आल्फवेन यांनी १९५७ मध्ये मांडलेले हे चित्र नासाच्या आयसीई यानाने ११ सप्टेंबर १९८५ रोजी जिआकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून जाताना खरे ठरवले. शेपटीच्या दोन भागांत चुंबकक्षेत्राच्या दिशा परस्परविरुद्ध आढळल्या. पुढच्या मार्चमध्ये युरोपचे जिओटो यान हॅलेच्या केंद्रकापासून ६०० किमीच्या आत पोहोचले. आघात-सीमा, म्हणजे सौरवारा एकाएकी मंदावतो ती सीमा, त्याला सुमारे ११ लाख किमी अंतरावरच लागली होती. केंद्रकापासून साडेचार हजार किमीच्या आसपास चुंबकक्षेत्र जवळजवळ शून्यावर आले.

या साऱ्या धावत्या भेटी होत्या. धूमकेतू तापत जाताना काय घडते, हे युरोपच्या रोझेटा मोहिमेने दाखवले आणि या विषयातले तेच सर्वांत मोलाचे काम होय. ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ ती ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूच्या सोबत राहिली. सुरुवातीलाच चुंबकमापीत ४० ते ५० मिलिहर्ट्‌झची आंदोलने उमटली, म्हणजे साधारण २० ते २५ सेकंदांना एक लाट. कुणालाही ती अपेक्षित नव्हती. वारंवारता हजारो पटींनी वाढवून ती ऐकवली गेली आणि ‘गाणारा धूमकेतू’ हे नाव जगभर झाले. अशा क्षीण धूमकेतूभोवती नव्याने जन्मलेल्या आयनांचा प्रवाहच अस्थिर होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते.

वायू वाढला तसा सौरवाऱ्याचा मार्ग वाकत गेला. एप्रिल २०१५ च्या अखेरीपासून सुमारे आठ महिने रोझेटाच्या उपकरणांना त्याचे प्रोटॉन जवळपास दिसेनासे झाले. यान पूर्णपणे धूमकेतूच्या आयनांत बुडाले होते. २६ जुलै २०१५ रोजी, केंद्रकापासून सुमारे १७० किमीवर, चुंबकक्षेत्रही नाहीसे झाले. अशी चुंबकक्षेत्र नसलेली पोकळी इतक्या दूर पसरेल असे गणित सांगत नव्हते. पुढे नोंदी चाळल्यावर तिच्या शेकडो खुणा सापडल्या, बहुतेक थोड्या मिनिटांच्या. पोकळीची सीमा स्थिर नसून लाटांसारखी हलत यानावरून पुढेमागे सरकत असावी, असा अर्थ त्यातून काढला गेला.

मात्र एकट्या यानाला सीमा हलली की आपण सरकलो, हे नेमके सांगता येत नाही. म्हणूनच युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘कॉमेट इंटरसेप्टर’ मोहिमेत मुख्य यानासोबत दोन छोटी याने असतील, त्यांपैकी एक जपानचे. तिन्ही एकाच धूमकेतूभोवती वेगवेगळ्या अंतरांवरून एकाच वेळी मोजमापे घेतील.