बटणाचा रंग बदलायला सांगण्याआधी एवढं वाचा
(आमच्या वेबसाईट ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दर आठवड्याला एक तरी फोन येतो. साईटवर लोक येतायत, जाहिरातीचे पैसे जातायत, पण ऑर्डर पडत नाहीत, तर तेवढं बटण हिरवं करून द्या, कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलंय हिरव्या बटणाने सेल वाढतो. आम्ही नाही म्हणत नाही, पण लगेच होही म्हणत नाही, आणि मग काही जणांना वाटतं की दोन मिनिटांच्या कामासाठी आम्ही वेळ काढतोय. तसं नाहीये, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदा लिहून दिलेलं बरं म्हणून हे पत्रक.

कन्व्हर्जन म्हणजे काय हे तुम्हाला माहितीच आहे, १०० लोक आले आणि २ जणांनी ऑर्डर दिली तर २ टक्के. क्लिनिक असेल तर ऑर्डरच्या जागी अपॉइंटमेंट, क्लास असेल तर चौकशीचा फॉर्म. आणि छोट्या बदलांनी हा आकडा हलतो यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, आमचं निम्मं काम तेच आहे. फक्त तो हलतो अडथळे काढल्यामुळे. रंगाचा संबंध येतो तो एवढाच की अक्षरं उन्हात उभं राहून वाचता आली पाहिजेत. त्यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ : १ एवढा फरक लागतो. पांढऱ्यावर फिकट पिवळी किंमत यात बसत नाही, मग तो पिवळा तुमच्या लोगोचा असला तरी. हे एकदा तपासलं की रंगाचा विषय आमच्या दृष्टीने संपला.

अडथळे म्हणजे नेमके कुठले

पत्त्याचा फॉर्म घ्या, सगळ्यात जास्त लोक तिथूनच परत जातात असं आम्हाला पुन्हा पुन्हा दिसलंय. पिनकोडच्या चौकोनात बोट ठेवलं की फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे, बऱ्याच साईटवर अक्षरांचा उघडतो. मोबाईल नंबरच्या चौकोनात १० अक्षरांची मर्यादा घातलेली असते, ते बरोबर वाटतं, पण गिऱ्हाईक नंबर कॉपी करून टाकतो तेव्हा त्याच्या पुढे +९१ असतं, मग पहिली १० अक्षरं राहतात आणि शेवटचे तीन आकडे कापले जातात. एकतर फॉर्म "नंबर चुकीचा" म्हणून अडवतो आणि माणसाला कळतच नाही काय चुकलं, किंवा फॉर्म गुपचूप तो नंबर घेतो आणि कुरिअरवाला फोन लावत बसतो, पार्सल परत. आम्ही मर्यादा काढतो, +९१, सुरुवातीचा शून्य, मधली मोकळी जागा सगळं चालू देतो आणि आतल्या आत नंबर साफ करून घेतो.

आपल्याकडचा अजून एक प्रकार, जो बाहेरून आणलेल्या तयार थीममध्ये, म्हणजे साईटच्या तयार साच्यात, कुणी विचारातच घेतलेला नसतो. ज्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे ते पिनकोड मराठी आकड्यांत टाकतात. ४११०३० असा. माणसाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, पण फॉर्मला फक्त इंग्रजी आकडेच आकडे म्हणून शिकवलेले असतात, तो लाल अक्षरांत "योग्य पिनकोड टाका" म्हणतो. काकू पुन्हा तोच पिनकोड टाकतात, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा कोण टाकणार? दुरुस्ती चार ओळींची आहे, आम्ही आता प्रत्येक साईटवर ती न मागता करतो.

तसंच मराठी बटणांचं. थीममधली ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवलेली असते, त्यात "कार्टमध्ये" चा रफार आणि "खरेदी" ची वेलांटी वरून कापली जाते, खाली उकार अर्धा जातो. साईट फसवी तर नाही ना अशी शंका यायला एवढं पुरतं, आणि पैसे भरायच्या बटणावर ती शंका यायला नको. बटणावर काय लिहावं याचं सांगायचं तर "सबमिट" काढा. पुढे काय होणार ते लिहा, "पैसे भरा", "अपॉइंटमेंट नक्की करा", बास.

आयफोनवर चौकोनातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर बोट ठेवताच अख्खं पान झूम होतं आणि बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. बटणांचा आकारही असाच महत्त्वाचा, ॲपल किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडसाठी गुगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं आहेत), म्हणजे अंगठ्याने नीट दाबता येईल एवढं. हातगाडीवर उभं राहून एका हाताने ऑर्डर देणाऱ्याला डोळ्यापुढे ठेवून डिझाइन करावं लागतं.

आणि व्हॉट्सॲपचं ते तरंगणारं हिरवं बटण! जवळजवळ प्रत्येकाला हवं असतं, आम्हीही लावून देतो, उपयोगाचं आहे. पण ते उजव्या कोपऱ्यात खाली बसतं आणि फोनवर नेमकं तिथेच "पुढे जा" असतं. माणूस पैसे भरायला जातो आणि व्हॉट्सॲप उघडतं. पैसे भरायच्या पानावर आम्ही ते वर, फोन नंबरच्या शेजारी नेऊन ठेवतो, तेव्हा "आमचं व्हॉट्सॲप कुठे गेलं" म्हणून रागावू नका, मुद्दाम हलवलंय.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र डिझाइनचा नसून हिशोबाचा असतो. मालाची किंमत ४५० दाखवायची आणि शेवटच्या पानावर ९० डिलिव्हरी, ४० कॅश ऑन डिलिव्हरीचे असं करत ५८० वर न्यायचं. गिऱ्हाईकाला १३० जास्त वाटतात ते वाटतातच, त्याहून जास्त त्याला हे खटकतं की आधी का नाही सांगितलं. मालाच्या पानावरच, किमतीच्या खाली एक ओळ टाका.

ज्या एका चुकीमुळे तुमचा आणि आमचा दोघांचा वेळ जातो

आता ज्यासाठी हे पत्रक लिहायला घेतलं ते. एखाद्या बदलाने कन्व्हर्जन हललं का याची मोजणी चालू असताना साईटला हात लावू नका.

कोकणातले आमचे एक आंबेवाले ग्राहक आहेत. ते ठराविक शहरांतच पेट्या पाठवतात, पण साईट आधी नाव, पत्ता, फोन सगळं भरून घ्यायची आणि मग सांगायची की तुमच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाही. आम्ही पिनकोडची तपासणी उचलून वर आणली, पेटीच्या फोटोखालीच, "तुमचा पिनकोड टाका, कधी मिळेल ते सांगतो". बदल एवढाच. सांगितलं की तीन आठवडे आता कशालाच हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या भाच्याने ॲडमिनचा पासवर्ड घेऊन नवीन बॅनर टाकला, पेटीचा दर उतरवला, डिलिव्हरी फ्री केली आणि साईट उघडताच समोर येणारा पॉपअप लावला. ऑर्डर वाढल्या. सगळे खूश. दहा दिवसांनी फ्री डिलिव्हरी काढली, ऑर्डर पडल्या, आणि फोन आम्हाला आला की तुमच्या त्या पिनकोडने धंदा बसवला.

कशाने वाढल्या आणि कशाने पडल्या हे तेव्हा जगात कुणीच सांगू शकलं नसतं. आमचे कितीतरी दिवस जुने आकडे उपसण्यात गेले आणि हाती काही लागलं नाही, कारण मे उजाडला की दर तसेही उतरतात आणि सीझन संपला की पुढच्या वर्षापर्यंत मोजायला काही उरत नाही. भाच्याचा हेतू चांगलाच होता, त्याला दोष नाही, पण एक अख्खं वर्ष शिकण्यावाचून गेलं याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी त्यांनी शांतपणे तीन आठवडे दिले आणि पिनकोड वरच राहिला, आणि "आमच्याकडे पाठवता का" विचारणारे फोनही बरेच कमी झाले.

दुसरी बाजू याचीच, दोन दिवसांत निकाल मागणं. समजा तुमच्याकडे आठवड्याला ७०० लोक येतात आणि सरासरी १४ ऑर्डर पडतात. काहीही न बदलता एका आठवड्यात १० आणि पुढच्या आठवड्यात १८ येऊ शकतात, तो निव्वळ योगायोगाचा चढउतार असतो. त्यात पितृपक्षाचा आठवडा नवरात्राशी जोडून बघितला किंवा पगाराचा आठवडा महिनाअखेरीशी, तर काहीही सिद्ध करता येईल. म्हणून आम्ही नेहमी पूर्ण आठवडे घेतो, सोमवार ते रविवार, आणि सणाच्या आधीच्या पंधरवड्यात मोजणी सुरूच करत नाही.

मग दोन बटणं लावून कुठलं चांगलं ते बघू, अर्ध्या लोकांना हे अर्ध्यांना ते, असं काही जण म्हणतात. पद्धत उत्तम आहे, पण तिला माणसं लागतात. २ टक्क्यांचे अडीच टक्के झाले हे खात्रीने म्हणायचं तर नेहमीच्या सांख्यिकी हिशोबाने प्रत्येक बाजूला साधारण १४ हजार लोक लागतात, दोन्ही मिळून २८ हजार. महिन्याला ३ हजार लोक येणाऱ्या दुकानाला त्यासाठी नऊ महिन्यांच्या वर थांबावं लागेल, तोपर्यंत तुमचा माल, दर, गिऱ्हाईक सगळं बदललेलं असतं. हाच हिशोब २ टक्क्यांवरून ४ वर जाण्यासाठी केला तर बाजूला साडेअकराशेच्या आसपास लोक पुरतात, म्हणजे महिन्याच्या आत उत्तर. रंगाच्या छटेने दुप्पट होत नसतं. पैसे भरायच्या वाटेतला धोंडा काढल्यावर होऊ शकतं. लहान दुकानाने धोंडे शोधावेत असं आम्ही का म्हणतो त्यामागे हा हिशोब आहे.

मोजणीतच घोळ असेल तर सगळंच वाया, म्हणून आधी तेही बघतो. तुमच्या दुकानातली चार माणसं दिवसभर साईट उघडतात, ती गिऱ्हाईक म्हणून मोजली जातात, ती वगळायला लागतात. "धन्यवाद" चं पान कुणी रिफ्रेश केलं तर तीच ऑर्डर दोनदा मोजली जाऊ शकते, म्हणून मोजणीसोबत ऑर्डर नंबरही पाठवायचा असतो. आणि गुगल ॲनालिटिक्सची (साईटवर किती लोक आले, काय केलं ते मोजणारं गुगलचं साधन) जुनी पद्धत १ जुलै २०२३ ला बंद झाली, नवीनमध्ये ज्याला आपण कन्व्हर्जन म्हणायचो त्याला आता "की इव्हेंट" म्हणतात. नाव बदललं म्हणून आकडा गायब झाला असं समजून काही जण घाबरले होते, तसं काही नाही.

जे आम्ही करून देत नाही

खोटं घड्याळ. "ऑफर १० मिनिटांत संपते" आणि पान पुन्हा उघडलं की परत १० मिनिटं. "फक्त २ शिल्लक" जेव्हा गोडाऊनमध्ये २०० आहेत. कार्टमध्ये न विचारता टाकलेला विमा किंवा देणगी. आधीच टिक करून ठेवलेले चौकोन. यामुळे आमचे काही ग्राहक दुसरीकडे गेलेत, जाऊ देत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत, खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप भर आणि शेवटी वाढत जाणारी किंमत हे तिन्ही त्यात आहेत. कायदा नसता तरी आम्ही केलं नसतं. तुमचं गिऱ्हाईक गावातलं, नात्यातलं, ओळखीतलं असतं, ते एकदा फसलं की पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतं. खरोखर २ शिल्लक असतील तर स्टॉकशी जोडून खरा आकडा दाखवू, आनंदाने.

आम्ही कसं काम करतो

पाच माणसं बसवतो. तुमची खरी गिऱ्हाईकं, त्यांचा स्वतःचा फोन, त्यांचं नेहमीचं नेट, आणि सांगतो की अमुक वस्तू मागवा. आम्ही मधे बोलत नाही. वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० सालीच मांडलंय की पाच जणांतच बहुतेक अडचणी दिसतात, आणि आमचाही अनुभव तोच. तुम्ही स्वतः शेजारी बसलात तर फार बरं, फक्त "अहो ते खाली आहे बघा" असं सांगायचं नाही, कितीही जीवावर आलं तरी. मग अडथळ्यांची यादी करतो, पैसे भरायच्या जागेच्या जवळचे आधी, साईट साफ मोडलेली असेल ते लगेच दुरुस्त, बाकीचे एकेक करून. प्रत्येक बदलाची तारीख एका शीटमध्ये लिहिली जाते, ती शीट तुम्हालाही उघडी असते. तुम्ही दर बदललात, जाहिरात वाढवलीत, तर तेही त्यात टाका, एक ओळ पुरते.

वार्षिक देखभाल करार ज्यांचा आहे त्यांना अशा दोन तपासण्या त्यातच मिळतात, वेगळे पैसे नाहीत, आणि बऱ्याच जणांनी त्या वापरलेल्याच नाहीत, तेव्हा मागून घ्या. साईट दुसऱ्या कुणी बनवलेली असली तरी तपासणी करून यादी देतो, दुरुस्ती त्यांच्याकडून करून घेतलीत तरी आमची हरकत नाही.

फोन करण्याआधी एवढं करा. घरातल्या कुणाला तरी, शक्यतो जिने तुमची साईट कधी बघितली नाही तिला, तिच्या फोनवर एक ऑर्डर द्यायला सांगा आणि स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण यूपीआय पिन टाकायच्या आधी थांबवा. तो व्हिडिओ आणि गेल्या दोन महिन्यांत साईटवर काय काय बदललं ते आठवेल तसं व्हॉट्सॲपवर पाठवा. दिवाळीसाठी हवं असेल तर गणपतीच्या आधी पाठवा, नंतर आलेली कामं आम्ही तुळशीच्या लग्नानंतरच घेतो.