राजकारणातील स्त्रियांच्या पेहरावाची व रूपाची जाहीर झडती

राजकारणात असलेल्या स्त्रीचे कपडे, केस, चेहरा, अंगकाठी, वय आणि आवाज यांवर वृत्तपत्रे, विरोधक, मतदार आणि पुष्कळदा स्वपक्षीयही जी टीकाटिप्पणी करत राहतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे. पुरुष नेत्यांच्या कपड्यांबद्दल कुणी बोलतच नाही असे नाही. पण पुरुषाच्या बाबतीत ही चर्चा एखाद्या प्रसंगापुरती होते आणि विरून जाते. स्त्रीच्या बाबतीत ती पहिल्या उमेदवारी अर्जापासून निवृत्तीपर्यंत मागे लागलेली असते, आणि कपड्यांवरून चारित्र्यावर व कर्तबगारीवर घसरायला तिला वेळ लागत नाही.

या झडतीत उत्तीर्ण होण्याची सोयच नसते. साधी राहिली तर ती काकूबाई किंवा गबाळी, नीटनेटकी राहिली तर नटवी. केस पिकू दिले तर थकली, रंगवले तर वय लपवते. महागडी पर्स घेतली तर गरिबांचा कळवळा खोटा, स्वस्तातली घेतली तर साधेपणाचे नाटक. म्हणून कोणत्या बाईने काय घातले असते तर वाद टळला असता, हा प्रश्न निरर्थक आहे. कपडे हे निमित्त असते. ती त्या जागी उभी आहे, ही खरी अडचण असते.

दारावरचे नियम

विधिमंडळांचे पोशाखाचे नियम व संकेत घडले तेव्हा आत फक्त पुरुष होते. त्यामुळे गडद सूट हा 'सभ्य पोशाख' ठरून गेला होता आणि स्त्रीने काय घालावे याचा कुणी विचारच केलेला नव्हता. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये १९१९ साली नॅन्सी ॲस्टर ही पहिली स्त्री सदस्य येऊन बसली. तिने गडद कोट-स्कर्ट, पांढरा ब्लाउज आणि त्रिकोणी टोपी असा एक पोशाख ठरवून टाकला आणि तोच जवळजवळ गणवेशासारखा वापरला. रोज नवे काही दिसले नाही तर रोज नवे काही छापूनही येणार नाही, हा हिशेब पुढे अनेकींनी केला.

विजारीवरून झालेले वाद तर आज वाचताना खरे वाटत नाहीत. पश्चिम जर्मनीच्या संसदेचे उपाध्यक्ष रिखार्ड येगर यांनी १९७० मध्ये बजावले होते, की विजार घातलेल्या बाईला ते सभागृहात बोलू देणार नाहीत. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या लेनेलोट फॉन बोथमर एरवी विजारी घालणाऱ्या नव्हत्या, पण हे ऐकून त्या मुद्दाम पँटसूट घालून आल्या आणि १४ ऑक्टोबर १९७० रोजी त्याच वेषात त्यांनी भाषण केले. सभागृहात हशा आणि हुल्लड झाली. नंतर त्यांना शिवीगाळीची पत्रे आली. त्या दिवशी त्या काय बोलल्या हे फारसे कुणाच्या स्मरणात नाही, विजार मात्र इतिहासात गेली. फ्रान्समध्ये १९७२ साली मिशेल आलियो-मारी यांना विजारीमुळे नॅशनल असेंब्लीच्या दारात अडवले, तेव्हा "विजारीची अडचण असेल तर ती इथेच उतरवते" असे त्यांनी सुनावल्याचे सांगतात. त्या पुढे त्याच देशाच्या संरक्षणमंत्री झाल्या. अमेरिकेच्या सिनेटमध्ये स्त्रियांच्या विजारीला मोकळीक मिळायला १९९३ साल उजाडावे लागले. बार्बरा मिकुल्स्की आणि कॅरोल मोझली ब्रॉन या दोघी सरळ विजार घालून सभागृहात गेल्या, तेव्हा कुठे तो जुना संकेत मोडला.

तुर्कस्तानचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण तिथे एकाच दारातून दोन अगदी वेगळ्या स्त्रियांना झळ बसली. मर्वे कावाकची निवडून येऊन मे १९९९ मध्ये डोक्याला हिजाबचा रुमाल बांधून शपथ घ्यायला आल्या. सभागृहात "बाहेर, बाहेर" असा गजर झाला, त्यांना शपथ घेता आली नाही आणि पुढे त्यांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. दुसरीकडे २०११ साली निवडून आलेल्या शफाक पावे या धर्मनिरपेक्ष पक्षाच्या खासदार. अपघातात त्यांनी एक हात आणि एक पाय गमावला होता. स्त्री सदस्यांनी स्कर्टच घालावा, असा सभागृहाचा नियम होता, त्यामुळे कृत्रिम पाय सर्वांसमोर उघडा ठेवून त्यांना वावरावे लागे. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी चार स्त्री खासदार रुमाल बांधून सभागृहात बसल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच विजारीलाही परवानगी मिळाली. एकीला डोके झाकू द्यायचे नव्हते, दुसरीला पाय. दोन्ही वेळा निर्णय घेणारे पुरुष बहुसंख्य होते.

असे प्रसंग संपलेले नाहीत. टांझानियात जून २०२१ मध्ये कॉन्डेस्टर सिचवाले यांची विजार घट्ट आहे, अशी तक्रार एका पुरुष सदस्याने केली आणि अध्यक्षांनी त्यांना सभागृहाबाहेर पाठवले. केनियाच्या सिनेटर ग्लोरिया ओरवोबा फेब्रुवारी २०२३ मध्ये पांढऱ्या सूटवर लाल डाग घेऊन सभागृहात आल्या. मासिक पाळीची लाज आणि सॅनिटरी पॅडचा तुटवडा हा त्यांचा लढ्याचा विषय होता. डाग लक्षात येऊनही तो लपवायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. सहकाऱ्यांनी पोशाखाच्या नियमाचा आधार घेतला आणि त्यांना कपडे बदलून येण्यास सांगण्यात आले.

कॅमेऱ्यासमोर

दारावरचा नियम निदान लिहिलेला असतो आणि बदलता येतो. कॅमेऱ्याचा नियम कुठेच लिहिलेला नसतो. एप्रिल २००८ मध्ये जर्मनीच्या चॅन्सलर अँगेला मर्केल ऑस्लोच्या नव्या ऑपेरागृहाच्या उद्घाटनाला खोल गळ्याचा पोशाख घालून गेल्या, आणि युरोपभरच्या वृत्तपत्रांना जणू त्या दिवशी दुसरी बातमीच नव्हती. एरवी याच मर्केलना त्यांच्या एकसारख्या जाकिटांवरून आणि केसांवरून वर्षानुवर्षे टोमणे मारले गेले होते. २०१९ मधल्या एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, की पुरुषाने गडद निळा सूट शंभर दिवस सलग घातला तरी चालते, पण दोन आठवड्यांत तेच जाकीट चारदा घातले की त्यांना नागरिकांची पत्रे येतात. सोळा वर्षे देश चालवलेल्या बाईच्या टपालात जाकिटाच्या तक्रारी येतात, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

मार्च २०१७ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या भेटीची बातमी 'डेली मेल'ने पहिल्या पानावर दिली. मथळ्याचा आशय होता: ब्रेक्झिट राहू द्या, पायांच्या स्पर्धेत जिंकले कोण? दोन सरकारांमधला घटनात्मक पेच गुडघ्यांपर्यंत येऊन थांबला.

टीका फक्त पुरुषांकडून होते, हा समज मात्र चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान जूलिया गिलार्ड यांच्या जाकिटांवर आणि शरीराच्या ठेवणीवर २०१२ साली दूरचित्रवाणीच्या चर्चेत सर्वांत जाहीर शेरा मारला तो जर्मेन ग्रीअर यांनी, म्हणजे स्त्रीवादी चळवळीतल्या एका दिग्गज लेखिकेने. २०१६ मध्ये थेरेसा मे यांच्या ९९५ पौंडांच्या चामडी विजारीवर बोट ठेवणाऱ्या निकी मॉर्गन त्यांच्याच पक्षाच्या माजी मंत्री होत्या. ही नजर स्त्रियांच्याही अंगवळणी पडलेली आहे. ती पुरुषांची मक्तेदारी असती तर तिच्याशी लढणे सोपे गेले असते.

सभागृहात बसलेल्यांचे वर्तन याहून वेगळे नसते. जुलै २०१२ मध्ये फ्रान्सच्या गृहनिर्माण मंत्री सेसील द्युफ्लो निळ्या-पांढऱ्या फुलाफुलांच्या साध्या ड्रेसमध्ये बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा विरोधी बाकांवरून शिट्ट्या आणि हुंकार आले. त्यांनी क्षणभर थांबून भाषण पुढे चालू ठेवले. जपानमध्ये जानेवारी २०२४ मध्ये माजी पंतप्रधान तारो आसो यांनी परराष्ट्रमंत्री योको कामिकावा यांच्या कामाची वाहवा करता करताच त्या फारशा सुंदर नाहीत असे म्हटले. टीका झाल्यावर त्यांनी शब्द मागे घेतले.

भारतात

भारतात साडीमुळे प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण सुटत नाही. साडी ही अपेक्षा होऊन बसते आणि तिच्याबाहेर पडणारीची खैर नसते. मे २०१९ मध्ये नव्याने निवडून आलेल्या बंगाली अभिनेत्री नुसरत जहाँ आणि मिमी चक्रवर्ती पाश्चात्त्य कपड्यांत संसदेच्या आवारात गेल्या आणि तिथली छायाचित्रे त्यांनी प्रसिद्ध केली. संसद म्हणजे चित्रीकरणाची जागा नव्हे, असा भडिमार त्यांच्यावर झाला. त्याच संसदेत शर्ट-पँट घालणारे पुरुष खासदार दशकानुदशके बसत आलेले आहेत.

महिला आरक्षण विधेयकाला विरोध करताना १९९७ मध्ये शरद यादव यांनी 'परकटी' बायकांचा, म्हणजे आखूड केसांच्या शहरी स्त्रियांचा, उद्धार केला. एका घटनादुरुस्तीवरची चर्चा त्यांनी केशरचनेवर नेऊन सोडली. डिसेंबर २०१८ मध्ये राजस्थानच्या प्रचारात वसुंधरा राजे फार जाड झाल्या आहेत, त्यांना विश्रांती द्या, हेही त्यांनीच म्हटले. मार्च २०२१ मध्ये ममता बॅनर्जी पायाला प्लास्टर घालून प्रचार करत होत्या, तेव्हा पाय दाखवायचाच असेल तर बर्म्युडा घाला, असा सल्ला भाजपचे दिलीप घोष यांनी दिला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये मंत्री गुलाबराव पाटील यांनी आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यांची तुलना खासदार हेमामालिनी यांच्या गालांशी केली आणि नंतर माफी मागितली. रस्त्यांच्या कामाची फुशारकी मारायलाही एका लोकप्रतिनिधीचा चेहरा लागतो आणि सभेत त्यावर हशा पिकतो, ही यातली अधिक खेदाची बाब आहे.

स्तुतीचे रूपही पाहण्यासारखे आहे. पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खर जुलै २०११ मध्ये चर्चेसाठी दिल्लीला आल्या, तेव्हा त्यांची पर्स, मोत्यांचे दागिने आणि गॉगल यांची वर्णने रकानेच्या रकाने भरून आली. कुणी वाईट बोलत नव्हते. तरीही २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अडखळत सुरू झालेल्या संवादाची बातमी पर्सच्या मागे गेली.

पुरुषांची गोष्ट

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा नाव विणलेला सूट जानेवारी २०१५ मध्ये गाजला आणि पुढच्याच महिन्यात लिलावात ४.३१ कोटी रुपयांना गेला. बराक ओबामा यांचा फिकट तपकिरी सूट ऑगस्ट २०१४ मध्ये चर्चेत आला. या दोन्ही चर्चांत बोलणे पैशांचे आणि औचित्याचे होते, देहाचे नव्हते. ऑस्ट्रेलियातील वृत्तनिवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी तर २०१४ मध्ये उघड केले, की आपण वर्षभर एकच निळा सूट घालून पडद्यावर येत होतो. एकाही प्रेक्षकाच्या ते लक्षात आले नव्हते. त्यांच्या सहनिवेदिकेला मात्र कपड्यांवरून सतत पत्रे येत.

किंमत आणि परिणाम

पहिली किंमत वेळेची. हिलरी क्लिंटन यांनी २०१७ मध्ये लिहिले, की २०१६ च्या प्रचारात केस आणि मेकअप यांवर त्यांचे सुमारे ६०० तास गेले, म्हणजे जवळपास २५ दिवस. प्रतिस्पर्धी पुरुषाला हे दिवस सभांसाठी किंवा झोपेसाठी आयते मिळतात. खर्च केला तरी तो अंगावर येतो: २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या कपड्यांवर रिपब्लिकन पक्षाने दीड लाख डॉलर खर्च केल्याचे बाहेर आले आणि प्रचाराचे काही दिवस त्यातच गेले.

मतांवर काय परिणाम होतो, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये 'नेम इट, चेंज इट' या उपक्रमासाठी झालेल्या सर्वेक्षणात असे दिसले, की स्त्री उमेदवाराच्या दिसण्याचा उल्लेख स्तुतीचा असला तरी तिचे नुकसान होते, आणि तिने त्यावर आक्षेप घेतला की गमावलेली जमीन काहीशी परत मिळते. डॅनी हेज, जेनिफर लॉलेस आणि गेल बाइटिंगर यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मात्र दिसण्यावरच्या वाईट उल्लेखांनी स्त्री-पुरुष दोघांचे सारखेच नुकसान होते, असे आढळले. प्रयोगात वाचकासमोर एखादी बातमी ठेवली जाते. प्रत्यक्षात त्या बातम्या एकीच्या वाट्याला हजारांनी येतात, आणि हा फरक प्रयोगशाळेत मोजणे अवघड आहे. आंतरसंसदीय संघाने २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ स्त्री खासदारांच्या मुलाखती घेतल्या, त्यात ६५.५ टक्के जणींनी अपमानकारक लिंगभेदी शेरे वारंवार ऐकावे लागल्याचे सांगितले. किती जणींनी हे पाहून अर्जच भरला नाही, हे अशा कोणत्याही आकड्यात येत नाही.

प्रतिसाद

ॲस्टर आणि मर्केल यांनी गणवेशाचा मार्ग धरला. अमेरिकेच्या राजनैतिक अधिकारी आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी नजरेलाच कामाला लावले: इराकी वृत्तपत्राने त्यांना साप म्हटल्यावर इराकी अधिकाऱ्यांच्या भेटीला त्या सापाचा ब्रूच लावून गेल्या, आणि पुढे ब्रूचवरून त्यांचा मूड ओळखण्याची राजदूतांना सवय लागली. फिनलंडच्या पंतप्रधान सना मारिन यांनी २०२० मध्ये नुसते ब्लेझर घालून मासिकासाठी छायाचित्र काढले. त्यावर गहजब होताच शेकडो स्त्रियांनी तशीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. ब्रिटिश खासदार ट्रेसी ब्रेबिन यांचा ड्रेस फेब्रुवारी २०२० मध्ये सभागृहात बोलताना खांद्यावरून घसरला आणि त्यांना ऑनलाइन घाणेरड्या शिव्या ऐकाव्या लागल्या. त्यांनी तोच ड्रेस लिलावात काढला. आलेले २०,२०० पौंड मुलींच्या संघटनेला गेले.

प्रत्येकीला असा डाव उलटवता येत नाही. ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या तेव्हाच्या उपनेत्या अँजेला रेनर सभागृहात पायावर पाय टाकून पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे लक्ष विचलित करतात, असा निनावी खासदारांचा दावा 'मेल ऑन संडे'ने २४ एप्रिल २०२२ रोजी छापला. ही बातमी छापू नका, अशी विनंती रेनर यांनी आधीच केली होती. हजारो वाचकांनी वृत्तपत्राविरुद्ध तक्रारी केल्या आणि जॉन्सन यांनीही बातमीचा निषेध केला. दोन दिवसांनी रेनर दूरचित्रवाणीवर आपली बाजू मांडायला आल्या तेव्हा त्यांनी पँटसूट घातला होता. तो का घातला, हेही त्यांना सांगावे लागले: बायकांनी काय घालावे हे कुणी ठरवू नये असे त्यांचे मत होते, पण बोलणे पुन्हा पायांवर जाऊ नये, म्हणून त्यांनी विजार निवडली होती.