सिंड्रेला बघायला येताय ना, मग हे आधी वाचून घ्या

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या सिंड्रेला या मुलांच्या गाण्यांच्या नाटकाबद्दल, म्हणजे म्युझिकलबद्दल, फोनवर आणि बुकिंगच्या खिडकीवर लोक जे जे विचारतात ते सगळं एकदाचं कागदावर उतरवलंय, कारण दिवसभर तेच तेच सांगून आमच्या बुकिंगच्या ताईंचा घसा बसतो आणि संध्याकाळी त्यांनाच स्टेजवर सावत्र आई म्हणून गायचं असतं. आमचं युनिटच तेवढं आहे, काय करणार. दारात तुमचं तिकीट फाडतो तोच पुढं राजाचा दवंडीवाला असतो, ओळखला तर हसा पण नावानं हाक मारू नका, तो बिचारा वाक्य विसरतो.

गाणी खरंच गातात का ट्रॅक लावता?

खरंच गातात. गॅदरिंगला गाणं लावून ओठ हलवतात तसलं इथं काही नाही. स्टेजच्या एका बाजूला कीबोर्ड, तबला-ढोलकी, बासरी आणि ऑक्टोपॅडवाले बसतात, ते तुम्हाला दिसतात पण, मुद्दाम लपवलेले नाहीत. गाणाऱ्यांना कॉलर माइक आहेत. आता लाइव्ह म्हटल्यावर एखाद दिवशी कुणाचा श्वास कमी पडणार, कुणाचा सूर जरा हलणार, ते आम्हाला चालतं आणि तुम्हीपण चालवून घ्या. ट्रॅक लावला असता तर आमचा खर्च निम्मा झाला असता हे खरंय, पण ट्रॅक पोरांसाठी थांबत नाही हो. नाटकातला उंदीर पडल्यावर समोरची पोरं हसत सुटली तर आमचा तबलजी तेवढा ठेका फिरवत बसतो, हसणं संपलं की पुढची ओळ. आमच्या मते बालनाट्यात हीच खरी गंमत आहे की समोरचं नाटक आपल्यासाठी थांबतंय हे पोराला कळतं.

वन्स मोअर मिळतो का? मिळतो, पण एकाच गाण्याला, उंदरांच्या. संगीत नाटकाच्या जमान्यात एकेका पदाला किती वन्स मोअर यायचे हे घरातल्या आजोबांना विचारा. तेवढे दिले तर आम्हाला रात्री हॉल रिकामा करून देता येणार नाही.

म्युझिकल म्हणजे नेमकं काय

काही पालकांना वाटतं मध्ये मध्ये डान्स असतो तेच म्युझिकल. तसं नाही. गाण्यातच गोष्ट पुढं सरकते, गाणं काढून टाकलं तर पुढचं काय चाललंय ते कळणार नाही असं ते असतं. आपल्याला हे नवीन नाहीच, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल केलं तेव्हापासून मराठी माणूस तिकीट काढून पदं ऐकतोय. आणि मुलांसाठी वेगळी, मोठ्यांच्या तोडीची रंगभूमी पाहिजे म्हणून सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर काढलं, पऱ्या चेटकिणी राजवाडे हे सगळं तेव्हापासून आपल्या स्टेजवर थाटात वावरतंय. सिंड्रेलाचं म्हणाल तर तिच्यावर इटालियन रॉसिनीनं १८१७ मध्येच ऑपेरा केला होता, त्यात तर बूटच नाही, बुटाच्या जागी हातातलं कडं आहे आणि जादूपण नाही. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या स्टेजला झेपेल तशी ही गोष्ट केलीय, आम्हीपण तेच केलं.

आमच्या चाली आमच्याच आहेत. सावत्र आई आणि तिच्या दोन पोरींचं गाणं ढोलकीवर, नखऱ्याचं. सिंड्रेला चुलीपाशी बसून म्हणते ते ओवीच्या अंगानं जातं. आणि राजवाड्यातला नाच वॉल्ट्झ आहे, तो तीन ठोक्यांचा असतो, आमच्या तबल्यावर तो दादऱ्यात बसतो, सहा मात्रा, तीन अधिक तीन. पहिल्या तालमीला कीबोर्डवाला म्हणत होता की तबला घातला तर राजवाड्याचं मंदिर होईल, आता तोच सगळ्यात जास्त मान डोलवतो.

सिनेमातली गाणी आहेत का हे पण फार विचारतात. नाहीत. डिस्नेच्या १९५० च्या कार्टून सिनेमातली गाणी, त्यातले उंदीर, त्यांची नावं हे सगळं त्या कंपनीचं आहे, ते आपण उचलून तिकीट लावू शकत नाही. मूळ गोष्ट मात्र कुणाच्याही मालकीची नाही.

कुठली सिंड्रेला?

हा प्रश्न कुणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे, कारण ही गोष्ट एक नाही, शेकड्यानं आहेत. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या गोष्टीत एका पोरीला माशाची हाडं कपडे आणि जोडा देतात. आपण जी ओळखतो ती, म्हणजे भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, काचेचा बूट, ती फ्रान्सच्या शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापली. त्यांच्या गोष्टीत सरड्यांचे शिपाई होतात आणि एका मिशाळ घुशीचा गाडीवान, तो आम्ही ठेवलाय, मिशांसकट. जर्मनीच्या ग्रिम बंधूंची १८१२ ची आहे तिच्यात परीच नाही, आईच्या कबरीवरचं झाड आणि पाखरं तिला कपडे देतात, आणि बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचा अंगठा कापते, दुसरी टाच कापते. हे वाचून काही आईबाप आम्हाला घाबरून फोन करतात. काळजी करू नका, आम्ही पेरोच्या वाटेनं गेलोय. आमच्या बहिणी पायाला पावडर लावतात, तेल लावतात, आईला मागून ढकलायला लावतात, आणि शेवटी बूट नाकाला अडकवून बसतात. रक्त नाही. शेवटी सिंड्रेला त्यांना माफ करते, हेपण पेरोचंच आहे, आमच्या मनाचं नाही.

सावत्र आईचं मात्र आम्ही बराच विचार करून ठरवलं. हॉलमध्ये एखादं तरी लेकरू असं असतं की ज्याच्या घरी दुसरी आई आहे आणि ती चांगली आहे. त्या लेकरानं इथून काय घेऊन जायचं? म्हणून आमची बाई सावत्र आहे म्हणून वाईट नाही, तिला राजवाड्याची हाव सुटलीय म्हणून ती तशी वागते, आणि ते ती गाण्यात स्वतःच सांगते. पोरं तिला ओरडतात, ओरडू द्या, त्यांचा हक्क आहे.

परीला आम्ही परीआजी केलीय, इरकली लुगडं नेसते, डोक्यावर पदर, हातात छडीच्या जागी रवी. परी आणि लुगडं कसं काय ओ, असं एका गृहस्थांनी विचारलं होतं. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून येणारी म्हातारी आपल्या पोरांना आधीपासूनच माहीत आहे, त्यामुळं भोपळा आला की अर्धा हॉल आपणहून टुणुक टुणुक करतो, मग परीला विलायती फ्रॉक कशाला पाहिजे. बाकी राजवाडा, घड्याळ, राजपुत्र हे तिकडचंच ठेवलंय. फक्त राजाची दवंडी मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदीत होते, सोलापुरात राहून एकाच भाषेत दवंडी देणारा राजा आम्हाला काही पटला नाही. संवाद सोपे मराठी आहेत, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पोरांना काही अडत नाही.

फाटका झगा चमचमता कसा होतो

हे फक्त मोठ्यांसाठी, पोरांना सांगू नका. सिंड्रेला पहिल्या प्रवेशापासून दोन कपडे घालून वावरते. वरचा ठिगळांचा घागरा पाठीमागं टिचबटणांनी लावलेला, आतल्या चमकीच्या झग्याचा घेर गुंडाळून कमरेला एका दोऱ्यानं धरलेला. वेल्क्रो लावून बघितला होता, पण त्याचा चर्र आवाज कॉलर माइकमधून मागच्या रांगेपर्यंत जातो. परीआजी रवी फिरवते, धूर सुटतो, लाईट समोरून न येता स्टेजच्या मागून येतो म्हणजे समोरच्यांचे डोळे क्षणभर दिपतात, तेवढ्यात सिंड्रेला एक गिरकी घेते आणि परीआजीच्या पदराआडून एक हात येऊन दोरा ओढतो. वरचा घागरा तिच्या हातात, आतला घेर खाली. आपल्या गावात युनिफॉर्म शिवणारे हात काही कमी नाहीत, हा झगा शिवणारे टेलरकाका शाळेचे गणवेश शिवतात, त्यांनी टिचबटणं कुठं आणि किती अंतरावर लावायची हे दिग्दर्शकाला शिकवलं.

उलटं करायला जास्त अवघड जातं. बाराचे टोल पडायला लागले की आमच्याकडं साधारण अर्धा मिनिट असतं. टोल खऱ्या पितळी घंटेवर देतो, वॉल्ट्झ चालू असतानाच पहिला टोल मध्येच पडतो आणि तालाशी जुळत नाही, तो मुद्दामच जुळवलेला नाही. त्या बारा टोलांत तिनं राजपुत्राचा हात सोडायचा, पायऱ्या उतरायच्या, एक बूट तिसऱ्या पायरीवर सोडायचा, विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेला पडद्याआड, जायचं आणि बाराव्या टोलाला फाटक्या कपड्यात दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. बूट काचेचा नाही हे सांगायला नको, पारदर्शक प्लास्टिकचा आहे, टाच बसकी, कारण उंच टाचेचा एक बूट पायात आणि एक पाय उघडा अशी पायऱ्यांवरून पळणारी मुलगी पडणारच. बाकी नाटक पोरांसाठी थांबतं, हे अर्ध मिनिट कुणासाठी थांबत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती, या प्रवेशात मोबाईलचा टॉर्च किंवा फ्लॅश लावू नका. विंगेतून पळणाऱ्या मुलीच्या डोळ्यावर तो येतो.

लहान मुलांना आणायचं का

चार वर्षांच्या पुढची मुलं आरामात बसतात. त्याहून छोटी आणा, मांडीवर घ्या, तिकीट लागत नाही, फक्त रडायला लागलं तर जरा बाहेर पॅसेजमध्ये फिरवून आणा आणि परत या, कुणी अडवणार नाही. मध्यंतर धरून सगळं दोन तासांच्या आत संपतं. अंधार दोनदाच होतो आणि तोही थोडा वेळ. धूर मशीनचा आहे, जाळ नाही, पण दम्याचा त्रास असेल तर मागच्या रांगा मागून घ्या. भोपळ्याच्या वेळी लाईट भराभर उघडझाप होतो, मुलाला फिट येत असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्या प्रयोगाला आम्ही तो इफेक्ट बंद ठेवतो. त्यात आम्हाला काही कमीपणा नाही.

पोरांनी बोललं तर चालतं का? चालतं. बूट कुणाचा हे राजपुत्राला सांगायचंच असतं त्यांनी. फक्त कुरकुरेचं पाकीट ओवीच्या वेळी नको.

हॉल आणि वेळ

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात आहे, तारीख आणि वेळ तिकिटावर छापलीय. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो, घड्याळावर आख्खं नाटक उभं आहे आणि आपणच उशिरा सुरू करायचं हे बरं दिसत नाही. उशीर झाला तर पहिलं गाणं संपेपर्यंत दारात थांबावं लागेल. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या बाजूला गर्दी असते, तेव्हा घरातून लवकर निघा.

लवकर पोचलात तर एक सांगतो. हॉलच्या नावात हुतात्मा कोण असं पोरं विचारतातच, तर सांगून टाका. १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीत इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला होता, त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. परीकथेआधी हे कशाला असं वाटेल, पण पोरांना दोन्ही गोष्टी पचतात, आपल्यालाच शंका असते.

शाळांसाठी

शाळांचा प्रयोग सकाळी वेगळा असतो, वीस मुलांमागं एका शिक्षकाचं तिकीट लागत नाही. बस आल्यावर सगळी पोरं एकदम उतरवू नका, वर्गवार सोडा म्हणजे प्लॅनप्रमाणं बसवता येतं. मुलांना आधी गोष्ट सांगून आणायची का? आमचं मत, सांगू नका, नाहीतर पुढचा मागच्याला सगळं आधीच सांगत बसतो.

उंदरांची कामं सोलापूरचीच पोरं करतात, नव्या बॅचसाठी निवड सुट्टीत होते, फी नाही, गळा बरा पाहिजे आणि आईबापांनी तालमीत येऊन बसायचं नाही एवढीच अट.

तिकीट प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत बदलून मिळतं, दुसऱ्या तारखेचं घ्या, पैसे परत मात्र प्रयोग रद्द झाला तरच. प्रयोग झाल्यावर सिंड्रेला आणि परीआजी बाहेर फोटोला थांबतात. गाडीवान थांबत नाही, त्याला मिशा काढायला वेळ लागतो. बूट कुणाच्या हातात देत नाही, मागू नका, दोनच जोड आहेत.