नवा आर७ आला तर खंड्याचे पंख सरळ येतील का?

कॅननच्या आर७ कॅमेऱ्याचा पुढचा अवतार, म्हणजे मार्क टू, कसा असेल यावर पक्षीवाल्यांच्या गप्पा रंगल्या की पहिला प्रश्न हमखास मेगापिक्सेलचा, ३२.५ चे ४० होणार का वगैरे. मला विचाराल तर तो आकडा वाढला काय न वाढला काय, खरं दुखणं वेगळंच आहे.

आर७ आला २०२२ मध्ये. यांत्रिक शटरवर (खरोखरचा पडदा उघडझाप करतो ते) सेकंदाला १५ फोटो, इलेक्ट्रॉनिकवर (पडदा न हलता) ३०, शिवाय बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंद पकडून ठेवायची सोय, म्हणजे खंड्या फांदीवरून सुटला आणि आपण उशिरा जागे झालो तरी चालतं. पण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, सगळा एकदम वाचला जात नाही, एकेक ओळ करत वाचला जातो, आणि अशा साडेचार हजारांवर ओळी उरकायला याला साधारण सेकंदाचा तिसावा भाग लागतो. ताशी १३० किमीने आलेला क्रिकेटचा बॉल तेवढ्यात १.२ मीटर पुढे गेलेला असतो! शटर स्पीड १/४००० सेकंद ठेवा नाहीतर अजून वाढवा, प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणाचीच राहणार, त्यामुळे फोटो शार्प पण बॅट केळ्यासारखी वाकलेली, आणि फडफडणाऱ्या पंखांचं तर विचारूच नका. मग यांत्रिक शटर वापरा ना, असं म्हणाल, पण त्या खटखटाटाने पक्षी बावरतो त्याचं काय.

यावर इलाज म्हणजे स्टॅक्ड सेन्सर, वर प्रकाश टिपणारा थर आणि त्याच्या पाठीला चिकटवलेला, डेटा झपाझप उपसणारा दुसरा थर. कॅननने तो आर३ मध्ये (२०२१) आणि नंतर आर१ आणि आर५ मार्क टू मध्ये (२०२४) दिला, पण हे सगळे फुल फ्रेमवाले, म्हणजे आर७ पेक्षा मोठ्या सेन्सरचे, खिशाला भोकच. छोट्या सेन्सरवर जमत नाही असंही नाही, फुजीने एक्स-एच२एस मध्ये २०२२ लाच करून दाखवलंय. म्हणून माझी पैज स्टॅक्डवर.

ग्लोबल शटर मात्र विसरा. सोनीच्या ए९ थ्री मध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतात खरे, पण त्यासाठी प्रत्येक पिक्सेलच्या पोटात चार्ज साठवायला जागा काढावी लागते, ती किंमत मोजून त्याचा बेस आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेची मूळ पायरी, जितकी खाली तितकी चांगली) २५० वर गेलाय. आर७ चा पिक्सेल आधीच जेमतेम ३.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात अजून काय कोंबणार?

आणि मेगापिक्सेल का नकोत तेही सांगतो. प्रकाश लेन्सच्या छिद्रातून जाताना पसरतो, छिद्र जितकं लहान तितका जास्त, बिंदूचा ठिपका होतो. १००-५०० मिमीची झूम लेन्स ५०० ला नेली की छिद्र एफ/७.१ (हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), तिथे हिरव्या प्रकाशाचा ठिपका साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आत्ताच तीन पिक्सेल रुंद. भिगवणला कोणी ८०० मिमी एफ/११ लेन्स घेऊन रोहित (फ्लेमिंगो) टिपत असेल तर जवळपास पंधरा मायक्रॉन. अशा ठिपक्याचे अजून बारीक तुकडे केले तर कार्ड लवकर भरेल, पिसं काही जास्त दिसायची नाहीत.