धक्क्याचे दोर : गुंडाळणी व साठवण

नौका धक्क्याला बांधून ठेवणाऱ्या दोरांना धक्क्याचे दोर म्हणतात. लहान नौकेवर बहुधा चार लागतात : एक नाळेचा म्हणजे पुढच्या टोकाचा, एक मागच्या टोकाचा आणि नौकेला पुढेमागे सरकू न देणारे दोन तिरके दोर, ज्यांना स्प्रिंग म्हणतात. पुढचा व मागचा दोर नौकेच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि स्प्रिंग नौकेइतके लांब, असा ठोकताळा आहे. म्हणजे ९ मीटरच्या नौकेला ६ मीटरचे दोन व ९ मीटरचे दोन. जाडी साधारण १२ मिमी. एक-दोन लांब दोर जादा बाळगावेत, कारण अनोळखी बंदरात खुंटे सोयीच्या जागी असतीलच असे नाही.

या दोरांसाठी नायलॉन पसंत केले जाते. ताण पडला की ते लांबते आणि लाटांचे हिसके पचवते. मात्र ते पाण्यात बुडते. वाटेत कठड्यावर लटकवलेला दोर घसरून पाण्यात गेला, तर तो नौकेला पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात गुरफटू शकतो आणि इंजिन बंद पडू शकते. म्हणून धक्का सुटताच दोर आवरणे हे सुरक्षेचेच काम आहे.

गुंडाळणीत सर्वांत महत्त्वाचा असतो पीळ. नेहमीचा तीनपेडी दोर उजव्या पिळाचा असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळावा. सुरुवात बांधलेल्या टोकाकडून करून मोकळ्या टोकाकडे जावे, म्हणजे साचलेला पीळ टोकातून निघून जातो. वेटोळी डाव्या हातात धरावीत आणि प्रत्येक वेढ्याला उजव्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी दोराला किंचित पीळ द्यावा. वेढा सपाट बसतो. उलट दिशेने गुंडाळत राहिल्यास पेड सुटून मध्येच गाठीसारखे फुगतात. तसा फुगवटा ओढून सरळ केला, तरी तिथली ताकद परत येत नाही. विणीच्या दोराला असा एकतर्फी पीळ नसतो. त्याचे वेढे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, एकाआड एक दिशेने घ्यावेत.

शेवटचा दीड मीटर दोर राखून त्याचे तीन-चार फेरे वेटोळ्यांच्या गळ्याभोवती घट्ट द्यावेत. वर राहिलेल्या भोकातून दोराचा दुमड ओढून घ्यावा, तो वेटोळ्यांच्या डोक्यावरून मागे टाकावा आणि टोक ताणावे. अशी जुडी खुंटीला टांगता येते, आपटली तरी सुटत नाही आणि एका झटक्यात उघडते. डेकवर चकलीसारखी चपटी मांडलेली गुंडाळी देखणी दिसते, पण तिच्याखाली ओल राहते व डेकवर डाग पडतात. ती फार वेळ तशी ठेवू नये.

दोर कप्प्यात ढीग करून टाकण्यापेक्षा खुंट्यांवर, लांबीनुसार वेगवेगळे टांगावेत. टोकाला दिलेल्या रंगीत दोऱ्याच्या आवळणीवरून अंधारातही टॉर्चच्या उजेडात स्प्रिंग कोणता ते कळते. कप्प्यात हवा खेळती हवी व तळाला पाणी जायला वाट हवी. बॅटरीशेजारी दोर कधीच ठेवू नयेत : आम्ल नायलॉन खाते, आणि ते नुकसान वरून दिसेलच असे नाही. दीर्घकाळ ऊन लागल्यानेही धागे ठिसूळ होतात.

खाऱ्या पाण्याने भिजलेला दोर तसाच वाळला, तर मिठाचे स्फटिक आतले धागे कापतात आणि दोर काठीसारखा ताठ होतो. तो गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, मळका असल्यास सौम्य साबण वापरावा आणि सावलीत वाळवावा. ब्लीच टाळावे. जोरदार फवाऱ्याने धुतल्यास वाळू पेडांत आणखी खोल शिरते.

गुंडाळताना दोर इंचाइंचाने हातातून जातो. तपासणीची याहून चांगली वेळ नाही. कडक, चकाकणारा चट्टा दिसला तर घर्षणाने धागे वितळले आहेत असे समजावे. सर्वाधिक झीज दोर धक्क्याच्या कडेला घासतो तिथे आणि टोकाच्या फाशाजवळ होते. पेड तुटलेला दोर बांधणीतून काढावा. त्याचे शाबूत तुकडे फेंडर, म्हणजे नौका धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लावायच्या उशा, टांगायला चालतात.